होमस्कूलिंग करताय? मग मुलांना आपल्या एरियात एक खरं काम मिळवून द्या

होमस्कूलिंग सुरू केलं की लोकांचा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतोच, तो असतो "मग मुलं माणसांत कशी मिसळणार?" आणि आपण पण घाबरून लगेच क्लासेस शोधायला लागतो, सोमवारी पोहणं, मंगळवारी चित्रकला, बुधवारी अजून कायतरी, आणि बघता बघता आख्खं घर नुसतं इकडून तिकडे पळतंय. माझं स्पष्ट मत सांगते, क्लासने माणसं मिळत नाहीत. क्लासमध्ये मूल गिऱ्हाईक असतं, तास संपला की विषय संपला आणि ते एखाद दिवशी नाही आलं तर कुणाचं काही अडत नाही. आपण नाही गेलो तर कुणाचं तरी काम खोळंबेल अशी जागा असली की तिथे ओळखी आपोआप होतात. म्हणून हे लिहायला बसलेय, की घरी शिकणाऱ्या मुलाला आपल्याच परिसरात एक छोटंसं, नेहमीचं, खरोखरचं काम कसं मिळवून द्यायचं आणि आठवड्याचा अभ्यास त्याच्याभोवती कसा बसवायचा. आमच्याकडे मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा दोघंही घरीच शिकतात त्यामुळे खाली जे आहे ते सगळं रोजच्या वापरातलं आहे.

त्याआधी कायद्याचं तेवढं बघून घ्या कारण प्रत्येक देशात ते पार वेगळं आहे. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे पण काही राज्यं दरवर्षी मूल्यमापन मागतात आणि काही साधं कळवायलाही सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये १९९६ चा शिक्षण कायदा पालकांना मुलाचं शिक्षण शाळेतून किंवा इतर मार्गाने करायची मुभा देतो. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवायला जवळपास परवानगीच नाही. भारतात २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, आणि पुढे दहावी बारावीची परीक्षा बरीच होमस्कूलर मुलं एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देतात. तुम्ही जिथे राहता तिथला नियम स्वतः मूळ कागदावर वाचा, कुणीतरी ग्रुपवर सांगितलं म्हणून धरून चालू नका. याचा या विषयाशी संबंध इतकाच की बाहेरच्या कामाच्या नोंदी ठेवायच्या का आणि किती ते यावरून ठरतं.

काम शोधायचं कसं

सगळ्यात मोठी युक्ती सांगते. मजेचं काम मागायचं नाही, कंटाळवाणं काम मागायचं.

कुठल्याही वाचनालयात, सार्वजनिक बागेत, वृद्धाश्रमात, प्राण्यांच्या शेल्टरमध्ये जाऊन "माझ्या मुलीला काहीतरी शिकायचंय, तुम्ही शिकवाल का" असं विचारलं तर समोरचा माणूस मनातल्या मनात हिशोब करतो की हिच्यासाठी आपला किती वेळ जाणार, आणि गोड बोलून टाळतो. त्याची काही चूक नाही, तो खरंच कामात असतो. त्याऐवजी असं विचारा, "तुमच्याकडे असं एखादं काम आहे का जे दर आठवड्याला करायलाच लागतं पण कुणाला त्यासाठी वेळ मिळत नाही? माझी मुलगी ठराविक दिवशी येऊन ते करेल, पहिले काही आठवडे मी सोबत असेन." हे ऐकलं की चेहरा बदलतो. परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, कुंड्यांच्या पाट्या पुसून पुन्हा लिहिणं, खेळण्यांच्या लायब्ररीत कोड्यांचे तुकडे मोजून डबे पूर्ण आहेत का बघणं, नोटीस बोर्डावरचे तारीख उलटून गेलेले कागद काढणं. असली कामं प्रत्येक ठिकाणी साठलेली असतात.

विचारायला जाताना मुलाला घेऊन जा आणि निदान एक वाक्य त्याला बोलू द्या. "काकू, मला दर गुरुवारी यायला जमेल" एवढंच. लाजरं मूल असेल तर घरी दोनचार वेळा म्हणून घ्या. आपणच सगळं बोललो तर ते काम आपलं होतं, मुलाचं नाही, आणि समोरची माणसंही पुढे कायम आपल्याशीच बोलत राहतात.

दुसरं, जागा चालत जाण्याइतकी जवळ हवी. लांबची भारी संस्था नको. जवळच्या ठिकाणी भेटलेली माणसं रस्त्यात पण भेटतात, दुकानात भेटतात, बस स्टॉपवर भेटतात, आणि "काय गं, आज इकडे कुठे" असं कुणी विचारलं की मुलाला कळतं की आपल्याला ही माणसं ओळखतात. शिवाय लांब असलं की पाऊस, ट्रॅफिक, आपली डोकेदुखी, कशानेही खाडा होतो आणि नियमितपणा गेला की यातलं सगळंच गेलं.

तिसरं, एकच काम. दोन नको. सुरुवातीला उत्साहात तीन ठिकाणी हो म्हणून टाकतात आणि मग कुठेच धड होत नाही. आठवड्यातून एक दिवस, दीड दोन तास, किमान तीन महिने, आणि त्यानंतर बसून ठरवायचं पुढे करायचं का. हे तीन महिन्यांचं मुलाला आधीच सांगून ठेवा.

काम आणि अभ्यास एकत्र कसा येतो

आता लोक म्हणतील पुस्तकं लावण्यात कसलं आलंय शिक्षण. तर आमच्या मोठीचंच सांगते. ती वाचनालयात परत आलेली पुस्तकं कप्प्यात लावते. तिथे ड्युई दशांश पद्धत आहे, म्हणजे १८७६ साली प्रसिद्ध झालेली वर्गवारी जी अजूनही जगभरच्या कितीतरी वाचनालयांत चालते, सगळं ज्ञान दहा मोठ्या गटांत, ५०० पासून विज्ञान, ९०० पासून इतिहास भूगोल, मग प्रत्येक गटाचे परत दहा भाग, त्यांचे परत दहा. ५९० प्राणी, त्यात ५९८ पक्षी. तर पक्ष्यांच्या कप्प्यात तिने ५९८.९ च्या नंतर ५९८.१५ लावलं, कारण १५ हे ९ पेक्षा मोठं ना. ग्रंथपाल मॅडमनी ओरडा वगैरे काही केला नाही, त्यांनी फक्त एक जाडसर पुस्तक बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "बाळा, बिंदूच्या पुढे एकेक आकडा वाच, पूर्ण संख्या वाचू नकोस. आधी १ आणि ९ ची तुलना कर, मग पुढचं बघ." ती तिथेच उभी राहून दोन मिनिटं बघत राहिली आणि मग आख्खा कप्पा परत तपासला, त्यात दुसऱ्या कुणीतरी लावलेली पण चुकलेली पुस्तकं सापडली. दशांश अपूर्णांकांचं हे गणित वहीत आम्ही करतच होतो, बरोबर पण यायचं, पण इथे चुकीचा क्रम लागला तर कुणाला तरी पुस्तक सापडणार नाही हे तिला दिसत होतं. त्या आठवड्यात आम्ही अपूर्णांकांचा धडा पुढे ढकलायच्या ऐवजी तिथेच थांबलो आणि संख्यारेषेवर भरपूर काम केलं.

पद्धत हीच आहे. काम आधी, मग त्यातून जे वर येईल ते टेबलावर घ्यायचं. उलटं करू नका, म्हणजे आधी धडा ठरवून मग त्याला साजेसं काम शोधायचं, ते नाटकी होतं आणि मुलांना लगेच कळतं.

अजून काही कामं सांगते ज्यात खरोखर भरपूर माल आहे.

सामूहिक कंपोस्ट. सार्वजनिक बाग असेल किंवा बिल्डिंगचा कोपरा असेल तिथे ओला कचरा जिरवायचा ढीग असतो आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणी नसतं. हे आठ नऊ वर्षांचं मूल मोठ्याच्या मदतीने छान करतं. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३० ला १ हवं, पण मुलाला इतकंच सांगायचं की ओल्या हिरव्या कचऱ्याच्या दुप्पट तिप्पट सुकी पानं. ढीग साधारण एक घनमीटर असला की मधोमध उष्णता टिकते, लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून दर वेळी आकडा लिहायचा आणि आलेख काढायचा. चांगला चाललेला ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि त्या तापमानात तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. आकडा वरच गेला नाही तर कारण शोधायचं, मूठभर माल दाबून बघायचा, पिळलेल्या फडक्याइतका ओलसर असेल तर ठीक, कोरडा असेल तर पाणी, चिखल असेल तर सुकी पानं आणि ढवळणं. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर हिरवं जास्त झालंय, सडकी अंडी टाइप वास आला तर हवा कमी पडतेय. यात रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, आलेख आहे, आणि खत तयार झालं की ते बागेतल्या लोकांना वाटायचं म्हणजे माणसं पण आहेत.

परिसराचा नकाशा. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे, कुणीही त्यात भर घालू शकतं. मुलांना कागदावर आपल्या चार गल्ल्यांचा नकाशा छापून द्या आणि बाकडी, पाण्याचे नळ, सार्वजनिक टॉयलेट, जिने, उतार, बंद पडलेले दिवे हे सगळं हाताने मार्क करायला लावा, घरी येऊन तुमच्या अकाउंटवरून भरा. याच्यात मला सगळ्यात आवडतं ते उतारांचं काम. व्हीलचेअरसाठीच्या उताराचं प्रमाण बऱ्याच देशांच्या नियमांत जास्तीत जास्त १:१२ धरलेलं आहे, म्हणजे १ सेंटीमीटर चढायला निदान १२ सेंटीमीटर लांबी. मुलाच्या हातात टेप द्या. पायरी १५ सेंटीमीटर उंच असेल तर उतार १८० सेंटीमीटर लांब हवा. मग एखाद्या इमारतीच्या दारात प्रत्यक्ष मोजलं आणि तो ९० च निघाला की गुणोत्तर प्रमाण हा विषय एकदम गंभीर होऊन जातो, कारण तिथून कुणी आजोबा व्हीलचेअरवरून एकटे वर जाऊच शकत नाहीत. पुढची पायरी म्हणजे पत्र. कुणाला लिहायचं हे शोधणं (जागा कुणाच्या ताब्यात आहे, संस्थेच्या की सरकारच्या), काय मोजलं ते आकड्यांसकट लिहिणं, फोटो जोडणं, काय करावं असं वाटतं ते दोन ओळीत सांगणं, आणि उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी नम्रपणे आठवण करणं. पत्रलेखनाचा आणि नागरिकशास्त्राचा यापेक्षा चांगला तास मला तरी माहीत नाही. उत्तर येईलच असं मुलाला सांगू नका. आलं नाही तरी चौकशी कशी करतात हे ते शिकतंच.

ज्येष्ठांच्या आठवणी रेकॉर्ड करणं. हे दहाबारा वर्षांच्या पुढे बरं, त्याआधी मुलं प्रश्न वाचून दाखवतात फक्त. आधी परवानगी, रेकॉर्डिंग कुणाकुणाला ऐकवणार ते स्पष्ट सांगायचं, आणि शेवटी त्याची एक प्रत त्या आजीआजोबांना नाहीतर त्यांच्या घरच्यांना द्यायचीच. प्रश्न हो नाही वर संपणारे नकोत. "तुम्हाला लहानपणी खेळायला आवडायचं का" याला उत्तर काय येणार, हो. त्याऐवजी "तुम्ही कुठे खेळायचात, ती जागा आता कशी आहे" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. मोठीने घरी येऊन स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आजी जरा थांबल्या की ती लगेच पुढचा प्रश्न टाकतेय आणि त्यांचं वाक्य अर्धंच राहतंय. आता ती मनात पाचपर्यंत आकडे मोजते आणि मग बोलते, आणि बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या पाच आकड्यांतच बाहेर येते. हे कुठल्याही मुलाला शिकवा, मोठ्यांनाही उपयोगी आहे.

पक्षीगणना. ज्यांच्याकडे आठवड्याचं काम अजून जमलेलं नाही त्यांनी इथून सुरू करा कारण कुणाची परवानगी लागत नाही. उत्तर अमेरिकेत १९०० पासून नाताळच्या सुमाराला लोक पक्षी मोजतायत, आणि ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही १९९८ मध्ये सुरू झालेली गणना आता जगभर फेब्रुवारीत चार दिवस चालते, एका जागी किमान १५ मिनिटं थांबून जे दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर भरायचे, एवढंच. पण ती चार दिवसांपुरती न ठेवता एकच झाड, एकच बाकडं, एकच वेळ धरून वर्षभर करा. तुम्ही तिथे रोज दिसायला लागलात की बागेत फिरायला येणारी माणसं आपणहून विचारतात काय मोजताय, आणि त्यांच्यातच कुणीतरी निघतं ज्यांना ते झाड वीस वर्षं माहीत आहे.

प्रथमोपचाराचा एखादा वर्ग परिसरात होत असेल तर आख्ख्या कुटुंबाने जा. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून देतात त्या उपचारात, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि मोठ्या माणसाच्या छातीवर निदान ५ सेंटीमीटर खोल, हे पुतळ्यावर करून बघितल्याशिवाय कळत नाही की त्याला किती जोर लागतो.

आठवडा कसा बसवायचा

आमचा आठवडा ढोबळ असा आहे. सकाळी टेबलावरचा अभ्यास, म्हणजे भाषा, गणित आणि जे काही वाचन चालू असेल ते. एकास एक शिकवताना लहान मुलाला दोन तास खूप होतात, मोठ्याला तीन साडेतीन. एक दुपार कामाची, ती ठरलेली, त्यात बदल नाही. एक दुपार मोकळी बाहेर जायची, कुठेही. आणि आठवड्यात एक दिवस असा की कुणीही कुठेही जायचं नाही. हा शेवटचा दिवस लोक गाळतात आणि मग थकतात. घरी शिकणाऱ्या मुलांना दिवसभर मोकळा वेळ असतो असं समजून शेजारीपाजारी, नातेवाईक, संस्था सगळेच कामं सांगायला लागतात, "तुम्ही घरीच असता ना" म्हणून. त्यांना शांतपणे सांगायचं की आमचा अमुक वारी अभ्यास असतो, अमुक वारी जमेल. मुलांसमोर सांगा म्हणजे त्यांनाही नाही म्हणायला येतं.

कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दहा मिनिटं एक वही. काल काय केलं, कोण भेटलं, नवीन काय कळलं, काय अडलं, हे न बघता आठवून लिहायचं, लहानग्याने चित्र काढायचं आणि तोंडी सांगायचं. त्याच संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीच. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग पहिल्या दिवसात सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे निसटायला लागलेलं असतानाच ओढून आणलं की ते पक्कं बसतं. शुद्धलेखन या वहीत तपासू नका. एकदा लाल पेन लागलं की मुलं तीनच ओळी लिहायला लागतात.

भावंडांचं काय. धाकट्याला मोठीच्या कामात शेपूट म्हणून लावून देऊ नका, दोघांचंही नुकसान होतं. त्याला त्याच्या आवाक्यातलं वेगळं काम हवं, भले ते दर आठवड्याला शेजारच्या आजींच्या झाडांना पाणी घालणं असेना. आमचा धाकटा तेच करतो आणि कुठल्या कुंडीला किती तांबे हे त्याने स्वतः लिहून काढलंय, त्याला मोजून पाणी घालायला कुणी सांगितलं नव्हतं. मोठी वाचनालयात असते तेव्हा मी आणि तो जवळपास थांबतो, आता ती बऱ्यापैकी एकटी असते.

आणि शाळेत जाणारी मुलं. हे खूप महत्त्वाचं आहे. होमस्कूलिंग करणाऱ्या घरांचा आपापसात गट होतो आणि मग सगळे कार्यक्रम दुपारी, जेव्हा बाकीची मुलं शाळेत असतात. सोयीचं आहे, गर्दी नसते, पण असं दोन वर्षं चाललं की आपली मुलं खालच्या मैदानावरच्या मुलांना ओळखतच नाहीत. संध्याकाळचा वेळ मोकळा ठेवा, त्यात काहीही घालू नका, अभ्यास राहिला असला तरी नको. मैदानावर कसलाही उपक्रम नसतो, त्याची गरजही नसते, रोज त्याच वेळेला तिथे असणं पुरतं.

सुरक्षितता, फोटो आणि लोकांचे प्रश्न

पहिले काही आठवडे आपण सोबत, मग त्याच इमारतीत पण दुसरीकडे, मग वय आणि जागा बघून सोडायचं. जिथे मूल काम करतं तिथे दार उघडं असावं, इतरांची ये-जा असावी, आणि एकाच मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटं राहायची वेळ येऊ नये, ही अट आपण पहिल्याच भेटीत सांगायची. चांगल्या संस्था याने दुखावत नाहीत, उलट त्यांचे स्वतःचेही असे नियम असतात. कुणी यावर नाराज झालं तर ती जागा सोडून द्या. मुलाला आपला फोन नंबर पाठ हवा आणि "मला घरी जायचंय" हे कारण न देता म्हणायची मुभा हवी.

ॲप्सवर अकाउंट मोठ्यांच्या नावाने ठेवा. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी झाडाप्राण्यांचे फोटो टाकताना ठिकाण अंधुक करून दाखवायची सोय आहे, घराजवळच्या नोंदींना ती वापराच. आणि वृद्धाश्रमातले, शेल्टरमधले फोटो सोशल मीडियावर टाकू नका. आपलं मूल कुणाला तरी मदत करतानाचा फोटो आपल्याला गोड वाटतो पण ज्याला मदत होतेय त्याला तो बघताना कसं वाटेल याचा विचार करा. शिवाय मुलाला कळायला लागतं की फोटो निघाला की काम झालं.

लोक विचारणारच, "आज शाळेला सुट्टी का?" मुलांना एक सरळ वाक्य देऊन ठेवा, "मी घरी शिकते, आज इथे कामाला आलेय." संपलं. बाजू मांडायची जबाबदारी मुलांवर नाही. कुणी जास्त खोदून विचारलं, पाढे म्हणून दाखव वगैरे सुरू केलं, तर आपण मधे पडायचं आणि हसून विषय बदलायचा. खरंच कुतूहलाने विचारणाऱ्यांना मात्र वेळ द्या. शाळेतल्या शिक्षिकाही विचारतात, आणि त्यांच्याशी झालेल्या गप्पांतून मला कितीतरी चांगल्या गोष्टी मिळाल्यात. शाळा वाईट म्हणून आपण घरी शिकवतोय असा सूर घरात पण नको, मुलांचे निम्मे मित्र शाळेत जातात.

आपण स्वतः काय करतो हे पण मुलं बघत असतात. आईबाप परिसरात कुणालाच ओळखत नाहीत आणि मुलाने मात्र समाजात मिसळावं, हे होत नाही. तुमचंही एक छोटं काम असू द्या, मुलांशी संबंध नसलेलं. सोसायटीचा हिशोब बघणं, रक्तदान शिबिरात टेबलावर बसणं, दुरुस्ती येत असेल तर रिपेअर कॅफे. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली आणि पुढे बऱ्याच देशांत पसरली, लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि ज्याला येतं तो शेजारी बसून दुरुस्त करायला मदत करतो. तुमच्या इथे नसेल तर महिन्यातून एकदा एका टेबलावर सुरू करता येते, एक स्क्रू ड्रायव्हर सेट, एक मल्टीमीटर, सुईदोरा आणि प्लगची वस्तू उघडायच्या आधी ती बंद करून वायर काढलीय का बघणारा एक जाणकार माणूस, एवढ्यात होतं.

कंटाळा आला, सोडायचंय

येणारच आहे. साधारण नवेपणा संपला की येतो. तेव्हा आधी बघा की कंटाळा कामाचा आहे की तिथे कुणी काही बोललंय की काम फारच सोपं झालंय. सोपं झालं असेल तर मुलानेच विचारायचं, "मला अजून काही शिकवाल का?" बहुतेक ठिकाणी इथूनच पुढची दारं उघडतात. मोठीला आता पुस्तकांना कव्हर घालायला आणि फाटलेली पानं चिकटवायला देतात, ते असंच विचारून मिळालं. कुणी वाईट वागत असेल तर तीन महिने वगैरे काही नाही, त्याच दिवशी थांबायचं. बाकी वेळी ठरलेली मुदत पूर्ण करायची आणि मग सोडायचं असेल तर नीट सोडायचं, म्हणजे स्वतः जाऊन सांगायचं, निदान दोन आठवडे आधी, आणि पुढे जो कुणी ते काम करेल त्याच्यासाठी एका पानावर लिहून ठेवायचं की काय कुठे आहे आणि कसं करायचं. आजारी पडल्यावरचा फोन पण मुलानेच करायचा, आवाज बसला असेल तरच आपण.

नोंदींचं शेवटचं. दर आठवड्याला एक पान पुरतं, तारीख, किती वेळ, काय काम, त्यातून कुठला विषय निघाला. केलेल्या कामाचा फोटो, माणसांचा नको. आलेख, नकाशे, पाठवलेल्या पत्रांच्या प्रती त्याच फाइलमध्ये. वर्षाच्या शेवटी त्या संस्थेकडून लेटरहेडवर चार ओळींचं पत्र मागा, मुलाने कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमकं काय केलं. प्रशस्तिपत्र नको, "अतिशय हुशार व गुणी" छापाचं तर नकोच, फक्त काय केलं ते. पत्र मागायला मुलालाच पाठवा, आणि आठवडाभर आधी मागा, शेवटच्या दिवशी नको, आणि मिळालं की स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. पुढे परीक्षेचा फॉर्म, कॉलेजचा प्रवेश, स्कॉलरशिप, कशासाठीही शाळेबाहेर काय केलं असं विचारतात तेव्हा हेच कागद लागतात, आणि तोपर्यंत ती संस्था सांभाळणारी माणसं बदललेली असू शकतात.